कार्बन पोलादाची शिकारी सुरी: भट्टीपासून म्यानापर्यंत

पातं १०० मिलिमीटर, मूठ ११२ मिलिमीटर. पाठ मुठीपाशी ४ मिलिमीटर जाड, टोकाकडे उतरत दोनवर आलेली. पात्याची रुंदी २८ मिलिमीटर, मुठीसकट वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. आमच्या वर्कशॉपमध्ये कोळशाच्या भट्टीवर घडवलेल्या एका सुरीची ही मापं. हाती घडवलेल्या सुरीचं कौतुक करताना लोक घणाच्या घावांबद्दल विचारतात. आमच्या मते सुरी चांगली निघणार की नाही हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं. एक, पोलाद किती तापलं आणि कसं निवलं. दोन, धारेच्या मागे धातू किती जाड ठेवला. पुढच्या मजकुरात घडाईपेक्षा या दोन गोष्टींनाच जास्त जागा दिली आहे.

शिकारी सुरीनं जनावर मारत नाहीत. मारलेल्या जनावराचं पोट उघडणं, कातडं सोडवणं, सांधे मोकळे करणं ही तिची कामं. त्यासाठी लांब पातं अडचणीचंच ठरतं, कारण हात आत घालून काम करायचं असतं. साडेतीन ते साडेचार इंच पुरे. पात्याची पाठ टोकाकडे हलकेच खाली उतरते, त्यामुळे टोक मधल्या रेषेजवळ येतं आणि कातडं उघडताना आतडं फुटत नाही. या आकाराला ड्रॉप पॉइंट म्हणतात. रॉबर्ट लव्हलेस या अमेरिकी कारागिरामुळे तो शिकाऱ्यांमध्ये लोकप्रिय झाला. अमेरिकेत परवाना काढून हरणाची शिकार करणारे काही मराठी लोकही असली सुरी बाळगतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानं शिकारीला बंदी आहे. इथे ही सुरी शेतावर, तंबूच्या मुक्कामात आणि बकरा सोलायला उपयोगी पडते, आणि सोलण्याचं काम रोज करणाऱ्या खाटकाच्या हातात दिली की आकाराचं मर्म तो न सांगता ओळखतो.

कायद्याचा एक मुद्दा आधीच. शस्त्र नियम २०१६नुसार घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी नसलेलं, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्रांत मोडतं. आमचं पातं लांबीला त्याच्या निम्म्याहूनही लहान आहे, आणि रुंदीलाही मर्यादेच्या बरंच आत. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश निघतात. सुरी कमरेला लावून शहरात फिरू नये. ती सामानात, म्यानात बांधून न्यावी.

पोलाद १०८४ या ग्रेडचं निवडलं. त्यात कार्बन ०.८० ते ०.९३ टक्के, मँगेनीज ०.६० ते ०.९० टक्के, आणि नाव घेण्यासारखं दुसरं काही नाही. साध्या भट्टीवर काम करणाऱ्यासाठी याच्याइतकं समजूतदार पोलाद नाही. एवढा कार्बन असला की तापवल्यावर तो सगळा पोलादात पटकन विरघळतो, वर तापमान फार वेळ धरून बसावं लागत नाही. १०९५ या ग्रेडमध्ये कार्बन जास्त आणि मँगेनीज कमी, म्हणून ते फार वेगानं निववावं लागतं. तेल जरा संथ असलं की पातं अर्धवट कडक होतं, आणि पाण्यात बुडवलं तर तडकण्याची भीती. आपल्या बाजारात स्प्रिंगच्या पट्ट्या विकणाऱ्यांकडे सी-८० नावाची पट्टी मिळते, ती १०८४च्या जवळची. बेअरिंगचं ईएन-३१ उत्तम धार धरतं. पण त्यात १ टक्का कार्बनच्या जोडीला सव्वा टक्क्याच्या आसपास क्रोमियम असतं. त्याला नेमक्या तापमानावर दहा-पंधरा मिनिटं धरावं लागतं, आणि उघड्या कोळशात ते जमवणं अवघड.

ट्रकच्या कमानीच्या पाट्याचं काय, हा प्रश्न हमखास येतो. पाटा चांगलाच असतो, गावोगावचे कोयते त्याचेच होतात. पण जुन्या पाट्यानं लाखो हेलकावे खाल्लेले असतात. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असू शकतात आणि त्या पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं तेलात झटकन निववून कडक करताना, उघडतात. शिवाय त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर. कोयत्याला तेवढा हवाच, कारण त्याला धक्के सोसायचे असतात. बारीक धारेच्या सुरीला मात्र तो कमी पडतो.

भंगारातलं पोलाद घ्यायचंच असेल तर आधी तुकडा तोडून बघावा. दोन बोटं लांबीचा तुकडा तापवायचा, चुंबक धरायचं सोडल्यावर थोडा आणखी तापवायचा आणि कोमट तेलात बुडवायचा. निवल्यावर जाड फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये धरायचा आणि हातोडीचा फटका मारायचा. डोळ्यांवर चष्मा हवाच. तुकडा न मोडता वाकला तर कार्बन कमी, ते पोलाद सुरीला नको. मोडला तर मोडलेली बाजू उन्हात तिरकी धरून बघावी. करडी, मखमली, कण न दिसणारी बाजू म्हणजे पोलाद चांगलं आणि तापमानही बरोबर. रवाळ, चमचमते दाणे दिसले तर तापमान जास्त झालं होतं. तोच तुकडा २०-३० अंश कमी तापवून पुन्हा मोडला की फरक लगेच कळतो. ही परीक्षा आम्ही नव्या पट्टीवरही घेतो. दुकानदारानं सांगितलेला ग्रेड आणि हातात आलेलं पोलाद एकच असेल असं गृहीत धरत नाही.

पट्टी ३२ मिलिमीटर रुंद, ५ मिलिमीटर जाड, १५० मिलिमीटर लांब. सुरी २१२ मिलिमीटरची होणार, म्हणजे लांबी हातोड्यानं काढायची. आधी पुठ्ठ्यावर पूर्ण मापाचा आकार कापून तो मुठीत धरून बघितला. तर्जनी पात्याच्या मागच्या कोपऱ्यावर येत असेल तर आताच बदलावं, पोलादावर बदलायला फार कष्ट पडतात.

भट्टीला लोणारी कोळसा. दगडी कोळशात गंधक असतं, धूरही फार होतो. लोणारी कोळसा स्वच्छ जळतो, पण भराभर संपतो. एका सुरीला आठ-दहा किलो सहज जातो. ब्लोअरचा वारा जेमतेम ठेवायचा. पातं वाऱ्याच्या तोंडाशी कधीही ठेवायचं नाही, वर चार बोटं, निखाऱ्यांच्या गाभ्यात ठेवायचं. तोंडाशी न जळलेली हवा असते, ती पोलादाच्या कातडीतला कार्बन खाऊन टाकते आणि खपलीही, म्हणजे पोलादावर धरणारा जळका थर, जाड बसते.

घडाईचा रंग नारिंगी-पिवळा, म्हणजे १०५० ते ११०० अंश. रंग काळपट लालवर आला की हातोडा थांबवायचा आणि पातं परत आगीत घालायचं. थंड पोलादावर घाव घातल्यानं भेगा पडतात. उलट पांढऱ्या रंगावर गेलं आणि ठिणग्या उडायला लागल्या तर तो भाग जळाला, तो तोडून टाकण्यावाचून इलाज नाही. रंग उन्हात खोटा दिसतो, त्यामुळे भट्टी सावलीत, अंधूक जागी असावी.

पहिल्यांदा टोक काढायचं. पट्टीचा एक कोपरा छन्नीनं तिरका छाटला की काम हलकं होतं. टोकाला घाव घालताना कडा जाड होतात आणि मध्ये खळगा राहतो. तो तसाच दाबला तर धातूची घडी पडते आणि पुढे तिथेच चीर दिसते. म्हणून दोन-चार घावांनी पातं उभं धरून कड सपाट करत राहायचं. टोक झाल्यावर धारेच्या बाजूचा उतार काढायचा. धारेकडचा धातू पातळ होताना लांब होतो आणि सगळं पातं पाठीकडे वाकतं. उतार काढण्याआधीच पातं धारेच्या बाजूला थोडं वाकवून ठेवलं की घाव पडता पडता ते आपोआप सरळ होतं. शेवटी धारेची जाडी २ मिलिमीटरपेक्षा थोडी जास्तच ठेवली. ऐरणीवरच पातळ करण्याचा हव्यास धरला की पातं पाणी देताना पिळवटतं. दर तावाला तारेच्या ब्रशनं खपली झाडायची, नाहीतर ती घावाखाली दबून पृष्ठभागावर खळगे पाडते.

घडाई संपली तेव्हा पोलाद आतून विस्कटलेलं असतं. कण मोठे, कुठे ताण जास्त, कुठे कमी. ते जागेवर आणायला तीनदा तापवून मोकळ्या हवेत निववलं. पहिल्यांदा साधारण ८७० अंश, मग ८१५, मग ७६०. दरवेळी पातं काळं पडून चुंबकाला पुन्हा धरेपर्यंत हवेत लटकवायचं, वाऱ्याच्या झोतात नाही. प्रत्येक फेरीत नवे, आधीपेक्षा बारीक कण तयार होतात. ही पायरी बरेच जण टाळतात, आणि मग धारेचे तुकडे पडतात तेव्हा दोष पोलादाला देतात. पातं सरळ आहे की नाही तेही इथेच बघायचं. वाकलेलं पातं आता सरळ केलं नाही तर तेलात पुन्हा तिकडेच वाकतं. शेवटी एकदा गडद लाल करून कोरड्या राखेच्या डब्यात रात्रभर पुरलं, म्हणजे कानशीला मऊ लागतं. ही युक्ती १०८४ला चालते. ईएन-३१ असं सावकाश निववलं तर कणांच्या कडेला कार्बाइडची जाळी धरते आणि पोलाद ठिसूळ होतं.

उतार कानशीनं काढले. बेल्ट ग्राइंडर असेल तर काम तासाभराचं, पण पहिल्या काही सुऱ्या कानशीनं कराव्यात असं आमचं ठाम मत आहे. कानस हळू कापते, म्हणून हात काय करतोय ते बघायला वेळ मिळतो. धारेच्या कडेला निळी शाई लावून मधोमध दोन समांतर रेषा ओढल्या, त्यांच्यात १ मिलिमीटर अंतर. दोन्ही बाजूंनी त्या रेषांपर्यंतच यायचं. १२ इंची खरड कानस, मग बारीक कानस, मग कानस आडवी धरून लांबीच्या दिशेनं ओढायची. कानशीच्या दातांना खडू चोळला की बुरा अडकत नाही, नाहीतर अडकलेला एक कण खोल ओरखडा पाडतो.

पाणी देण्याआधी काही गोष्टी उरकायच्या. मुठीच्या पिनांची ५ मिलिमीटरची भोकं, कारण नंतर ड्रिल चालणार नाही. मुठीच्या भागात आणखी तीन-चार भोकं पाडली, वजनही कमी होतं आणि डिंकही आरपार जाऊन धरतो. उतार जिथे मुठीपाशी संपतो तिथे आतला कोपरा टोकदार न ठेवता गोल कानशीनं वळणदार केला. भोकांच्या कडा मोडल्या. पातं २२०च्या पॉलिश पेपरपर्यंत घासलं, आणि शेवटचे ओरखडे लांबीच्या दिशेनं ठेवले. धारेला आडवा गेलेला खोल ओरखडा ही चिरेची तयार वाट असते. धारेची जाडी मोजली, सगळीकडे १ मिलिमीटरच्या आतबाहेर. यापेक्षा पातळ केली तर धार तेलात लाटेसारखी वळते आणि कार्बन गेलेली कातडी काढायला धातूच उरत नाही.

आता पाणी देणं. १०८४ला ८१५ अंश लागतात. चुंबक ७७० अंशांना सोडतं, म्हणजे चुंबक सुटल्यावर अजून ४५ अंश. हा फरक डोळ्यांनी ओळखायला मिठाचा उपयोग होतो. साधं मीठ ८०१ अंशांना वितळतं. तापत्या पात्यावर चिमूटभर टाकलं आणि ते वितळून चकचकीत ओघळ झाला की आपण अगदी जवळ आलो. तापमापक असेल तर के प्रकारचं थर्मोकपल घ्यावं, त्याचा खर्च एका बिघडलेल्या पात्यापेक्षा कमी.

उघड्या निखाऱ्यांत टोक आणि धार आधी तापतात, पाठ मागे राहते. म्हणून निखाऱ्यांत एका बाजूनं बंद असलेला लोखंडी पाइप आडवा ठेवला आणि पातं त्याच्या आत, धार वर करून ठेवलं. पाइपच्या भिंती सगळीकडून सारखी ऊब देतात आणि हवेचा झोतही लागत नाही. अंधारात पाइपमध्ये डोकावलं तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. पातं लाल होत जातं आणि मग अचानक त्याच्या अंगावर काळसर सावल्या फिरू लागतात. तापमान वाढत असतानाही काही भाग मंद दिसतात. तिथे पोलादाची आतली रचना बदलत असते आणि त्यासाठी ते उष्णता शोषून घेतं. पातळ धारेतून सावली आधी निघून जाते, पाठीतून सर्वात शेवटी. शेवटची सावली मुठीजवळच्या जाड भागातून निघून गेली आणि सगळं पातं एकसारखं उजळलं की रचना बदलली असं समजायचं. तिथून थोडं वर नेऊन पाचेक मिनिटं धरलं. ज्यांच्याकडे थर्मोकपल नाही त्यांनी चुंबकापेक्षा या सावल्यांवर भरवसा ठेवावा. फक्त पाच-सहा वेळा नुसतं तापवून निववून डोळा बसवावा लागतो.

तेल ५ लिटर, उभ्या लोखंडी डब्यात, ५० ते ६० अंशांवर. गरम तेल पातळ होतं आणि पात्यावरची वाफ लवकर फोडतं, म्हणून थंड तेलापेक्षा कोमट तेल वेगानं निववतं. परदेशात कॅनोला वापरतात, आपल्याकडे शेंगदाण्याचं चालतं. गाडीचं जुनं काळं तेल वापरू नये. त्याचा धूर विषारी, आणि वेगही कमी. तेल कोमट करायला एक लोखंडी तुकडा लाल करून त्यात बुडवला की पुरे. जवळ डब्याचं घट्ट झाकण आणि वाळूची बादली हवी. तेल पेटलं तर झाकण घालायचं. पाणी ओतलं तर जळतं तेल छपरापर्यंत उडतं. प्लास्टिकची बादली वापरणं म्हणजे आगीला आमंत्रण.

पाइपमधून तेलापर्यंतचा वेळ एक-दोन सेकंदांच्या वर नको. पातळ धार हवेतच निवू लागते. १०८४ला साधारण सेकंदाभरात ५४० अंशांच्या खाली यावं लागतं, नाहीतर आत मऊ रचना तयार होते आणि पातं वरवर कडक, आतून नरम राहतं. टोक खाली धरून सरळ बुडवायचं आणि पुढे-मागे, म्हणजे कापण्याच्या दिशेनं हलवायचं. बाजूला हलवलं तर एक अंग आधी निवतं आणि पातं वाकतं. सात-आठ मोजल्यावर बाहेर काढलं. या क्षणी पातं हाताला भाजण्याइतकं गरम असतं, पण कडक झालेलं नसतं. कडक होणं दोनशे अंशांच्या थोडं वर सुरू होतं. वाक दिसला तर जाड हातमोजे घालून ते इथे हातानं सरळ होतं. ही संधी काही सेकंदांची. गार झालेलं पातं सरळ करायला गेलात तर मोडून दोन तुकडे हातात येतील.

कडक झालं की नाही ते जुन्या कानशीनं बघायचं. धारेवर कानस घसरली, नुसता काचेवर ओढल्यासारखा आवाज आला, तर काम झालं. पहिल्या दोन-तीन ओढींत ती थोडी धरते, ती कार्बन गेलेली वरची कातडी असते. त्याखाली घसरायलाच हवी. खालीही धरत असेल तर तापमान कमी पडलं किंवा तेलात पोचायला उशीर झाला. अशा पात्याला पुन्हा एकदा हवेत निववून मग पाणी द्यावं. तेल फडक्यानं पुसून धारेवरून उजेड तिरका फिरवून बघावा. बारीक काळी रेष दिसली आणि घासूनही गेली नाही तर ती चीर आहे. तिथे पुढचे कष्ट थांबवावेत.

तासाभराच्या आत पाणी उतरवायला, म्हणजे बेतानं तापवून ठिसूळपणा कमी करायला घेतलं. आता पातं कडकपणाच्या मापात ६४-६५ रॉकवेलच्या आसपास असतं, फरशीवर पडलं तरी तुटतं. २०० ते २०५ अंशांवर दोन तास, मग साध्या पाण्यात गार, मग पुन्हा दोन तास. दुसरी फेरी यासाठी की पहिल्या फेरीत निवताना नवी ठिसूळ रचना तयार होऊ शकते, ती दुसऱ्यांदा उतरते. घरच्या ओटीजीचा काटा ३०-३० अंश खोटा दाखवतो. ट्रेमध्ये वाळू पसरून तिच्यात पातं पुरलं आणि वाळूत वेगळा तापमापक खोचला. वाळू तापमानाची उसळी थोपवते. घासून चकाकी आणलेल्या भागावर फिकट गवताचा पिवळा रंग आला. तो गडद होऊन तपकिरीकडे गेला तर धार मऊ पडली, आणि निळा झाला तर तिथे स्प्रिंग झाली, सुरी नाही. शेवटी कडकपणा ५९-६०. वाक राहिलाच असेल तर दुसऱ्या फेरीआधी पातं लोखंडी पट्टीला क्लँपनं धरून, वाकाच्या जागी नाणं घालून उलट्या बाजूला जरा जास्त ताणून ठेवायचं. गरम असताना ते सरळ होतं.

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही १९७६ साली स्थापन झालेली संस्था. तिच्या परीक्षेत पातं लोंबत्या एक इंची दोराला एका फटक्यात कापतं, लाकडाचे जाड तुकडे तोडतं, तरीही केस काढतं, आणि मग व्हाइसमध्ये ९० अंश वाकवलं जातं. त्यासाठी पाठ मुद्दाम निळी, मऊ करतात. चार इंची शिकारी सुरीला तेवढं वाकायची कधी वेळच येत नाही, म्हणून आम्ही पाठ वेगळी मऊ केली नाही.

कडक झाल्यावर धारेची जाडी १ मिलिमीटरवरून ०.३ ते ०.४ वर आणली. कापण्याचं सुख याच पायरीत आहे. बाजारातल्या बऱ्याच महागड्या सुऱ्या दिसायला देखण्या आणि पोलादानं चांगल्या असतात, पण धारेच्या मागे पाऊण मिलिमीटर जाडी ठेवलेली असते. त्या मांसात शिरत नाहीत, ते फाकवतात. कडक पोलादावर कानस चालत नाही, इथे बेल्ट किंवा खरखरीत दगडच लागतो. बेल्टवर उघड्या बोटांनी पकडायचं आणि दर ओढीनंतर पाण्यात बुडवायचं. बोटाला चटका बसला म्हणजे थांबायचं. धारेला क्षणभरही निळसर झाक आली तर तेवढा भाग मऊ झाला, तो घासून टाकेपर्यंत धार टिकणार नाही. मग १२०, २२०, ४०० आणि ६००चे पॉलिश पेपर, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, साबणाच्या पाण्यात. प्रत्येक नंबरला दिशा तिरकी बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे कुठे उरले ते दिसतं.

मूठ शिसवीची. कोरडं, निदान वर्षभर सावलीत मुरलेलं लाकूड घ्यावं. ओलं लाकूड उन्हाळ्यात आकसतं आणि पोलादाची कड बोटाला लागते. सांबरशिंगाच्या मुठी जुन्या सुऱ्यांवर दिसतात, पण वन्यजीव कायद्यामुळे तो विचार सोडून द्यावा. म्हशीचं शिंग चालतं, पण तेही सुकताना वळतं. प्रत्येकी १० मिलिमीटरच्या दोन फळ्या. त्यांची पात्याकडची टोकं चिकटवण्याआधीच घासून पॉलिश केली. नंतर तिथे हात चालवला तर पात्यावर ओरखडे पडतात. पोलाद आणि लाकूड दोन्ही खरखरीत करून अॅसिटोननं पुसलं, सावकाश धरणारा इपॉक्सी लावला, ५ मिलिमीटरच्या पितळी पिना घातल्या. क्लँप बेतानं आवळायचा. जोर लावून आवळला की डिंक सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. २४ तास हात लावला नाही. घासताना पितळी पिना भराभर तापतात आणि भोवतीचा इपॉक्सी सुटतो, तिथेही दमानं. शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हातानंतर एक दिवस. ते तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेटतात. पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून फेकावीत.

धार दर बाजूला २० अंश. २८ मिलिमीटर रुंदीच्या पात्याला याचा अर्थ पाठ दगडापासून साडेनऊ मिलिमीटर वर. तेवढ्या उंचीची लाकडी पाचर समोर ठेवून हात बसवावा. ४००च्या दगडावर एका बाजूनं घासत दुसऱ्या बाजूला टोकापासून मुठीपर्यंत सलग पोळी, म्हणजे बारीक वळलेली कड, बोटाला लागेपर्यंत थांबायचं नाही. मग बाजू बदलायची. नंतर १०००, मग चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेनं.

मग पितळी सळईची परीक्षा. ६ मिलिमीटरची सळई व्हाइसमध्ये आडवी धरायची, धार तिच्यावर तिरकी टेकवायची आणि उजेडाकडे तोंड करून दाबत ओढायची. धार सळईवरून जाताना थोडी फाकते, सळई पुढे गेली की परत सरळ होते. ती लहर उघड्या डोळ्यांना दिसते. फाकलेलीच राहिली तर पाणी जास्त उतरलं. कपची निघाली तर कमी उतरलं, पातं आणखी १०-१५ अंशांनी वर न्यायचं. मूठ बसण्याआधी ही परीक्षा घेतली तर दुरुस्ती सोपी, म्हणून आम्ही एक कच्ची धार लावून आधीच घेतो.

म्यानासाठी वनस्पतीत कमावलेलं ३ मिलिमीटरचं चामडं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, तेच इथे उत्तम. क्रोमनं कमावलेल्या चामड्यात क्षार राहतात, त्यानं पात्याला गंज धरतो. धारेच्या बाजूला दोन पदरांच्या मध्ये चामड्याची तिसरी पट्टी शिवायची, नाहीतर आत घालताना धार दोराच कापते. दोन सुया, मेणाचा दोरा, ५ मिलिमीटरला एक टाका. मग चामडं भिजवून, पात्याला प्लास्टिक गुंडाळून आत घालायचं आणि बोटांनी दाबून आकार धरू द्यायचा.

कार्बन पोलाद गंजतं, त्याला इलाज काळजीचाच. मांस, कांदा, कैरी कापल्यावर पातं लगेच धुवून कोरडं करायचं. काळसर-निळा थर धरला तर घासून काढू नये, तो पुढचा गंज अडवतो. तांबडा गंज मात्र दिसताक्षणी तेल लावून बारीक स्टील वूलनं काढायचा. अन्नाला लागणाऱ्या पात्यावर खाण्याच्या दर्जाचं मिनरल तेल लावावं, गोडं तेल महिन्याभरात चिकट होतं. आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, सुरी म्यानात घालून ठेवू नये. चामडं ओल धरतं. पात्याला तेलाचा हात देऊन ती कागदात गुंडाळावी, आणि म्यान वेगळं, वाऱ्यावर टांगावं.